अभिजीत सावंतचे अल्बम नंतर का थांबले?

कॅसेटवेडा: २००५ मध्ये इंडियन आयडॉलचा पहिला सीझन जिंकला तेव्हा आख्ख्या घराने त्याच्यासाठी एसेमेस पाठवले होते, लगेच त्याच वर्षी 'आपका अभिजीत सावंत' आला आणि जिथे तिथे तेच वाजत होतं. मग पुढे काय झालं? इतका गोड आवाज आहे यार.

सूरसखी: अरे थांबले नाहीत, २००७ ला 'जुनून' आला की, आणि २०१३ मध्ये 'फरीदा'. पण मधला गॅप खूप मोठा पडला. जुनून नीट ऐक, मला तर तो पहिल्यापेक्षा आवडतो.

रेडिओप्रेमी: माझ्या मते दोष त्याचा नाहीच. तेव्हा कॅसेट-सीडीचा धंदाच बसत चालला होता, लोक गाणी मोबाईलवर फुकट घ्यायला लागले, आणि हिंदीत सिनेमाबाहेरचं पॉप आधीच मागे पडत होतं, मग नुसत्या अल्बमवर कोण किती वर्षं टिकणार? त्यात दर वर्षा-दोन वर्षांनी नवा विनर. 'आशिक बनाया आपने'मध्ये गायला होता तो, तशी सिनेमाची गाणी अजून मिळायला हवी होती.

सूरसखी: +१. बिग बॉस मराठीमुळे २०२४ मध्ये नव्या पोरांनाही कळला, आता एक पूर्ण मराठी अल्बम कर बाबा!