शिष्यवृत्ती संपली की परत या: ही अट हवी की नको?

गोदाकाठ:
चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीचे अर्ज ऑगस्टच्या सुरुवातीला उघडतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास बंद होतात. त्या दोन महिन्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘स्कॉलरशिप भारी आहे, पण नंतर दोन वर्षं परत यावं लागतं.’ या ‘पण’साठी हा धागा.

माझ्या मते अट रास्त आहे. ब्रिटिश सरकार एका वर्षाच्या मास्टर्सची फी, दरमहा भत्ता, जाण्यायेण्याचं विमान आणि व्हिसाचा खर्च उचलतं. टीबीच्या तपासणीलासुद्धा ७५ पौंडांपर्यंत देतं. बदल्यात मागणी एकच: दोन वर्षं मायदेशी राहा. कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीवाले तर निवडतानाच विचारतात, तुमच्या शिक्षणाचा तुमच्या देशाला काय उपयोग. ‘परतून अमुक काम करीन’ असं निबंधात लिहून जागा मिळवायची आणि पदवी हातात पडली की लंडनमध्येच नोकरी शोधायची, याला काय म्हणायचं? तिथेच राहायचं असेल तर कर्ज काढून जावं, कोणी अडवलेलं नाही. ती जागा खरोखर परतणाऱ्या माणसाला तरी मिळेल.

उंटावरचा_शहाणा:
असहमत. युरोपियन युनियनची मास्टर्सची शिष्यवृत्ती, इरास्मस मुंडस बघा. दरमहा १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, म्हणजे ३३,६०० युरो. फी आणि विमा वेगळा, तोही त्यांचाच. किमान दोन देशांत शिक्षण. परतीची अट नाही. युरोपचं काही बिघडलं?

दुसरं असं की पदवीनंतरची पहिली दोन वर्षं म्हणजे शिकलेलं हातात बसण्याची वर्षं. भूजलाचं मॉडेलिंग शिकलेली मुलगी जिथे रोज मॉडेल चालवतात तिथे दोन वर्षं राबली तर पुढे इथे येऊन चार जणांना शिकवेल. तुम्ही तिला लगेच परत आणून टेंडरच्या फायलींना नंबर घालायला बसवणार. दोन वर्षांनी सॉफ्टवेअर बदललेलं आणि हात गंजलेला.

गोदाकाठ:
इरास्मसचं उदाहरण इथे बसत नाही. ती विकसनशील देशांसाठीची मदत नव्हेच. अर्ज जगभरातून कोणीही करतो, अमेरिकन आणि खुद्द युरोपियनही. युरोपीय विद्यापीठांकडे हुशार मुलं खेचायची ती योजना आहे, तिथे ‘परत जा’ म्हणणं त्यांनाच परवडणारं नाही. आणि टेंडरच्या फायलींना नंबर कोणीतरी शहाण्याने घातले असते तर निम्म्या योजना बुडाल्या नसत्या.

लिहिता_हात:
वाद चालू द्या, पण तीन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत कोंबल्या जाताहेत.

चेव्हनिंगची अट म्हणजे तुमच्यात आणि पैसे देणाऱ्यात झालेला करार. पण तिला व्हिसाचा आधार आहे. गेल्या १२ महिन्यांत सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्तीने फी आणि राहण्याचा पूर्ण खर्च दिला असेल, तर ब्रिटनमध्येच राहून ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षणानंतर तिथे नोकरी करू देणारा) मागताना त्या संस्थेची लेखी संमती लागते. ‘बघू नंतर’ म्हणणारे इथे अडकतात.

फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीचं तसं नाही, तिथे अट म्हणजे अमेरिकेचा कायदाच आहे. जे-१ या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर दोन वर्षांची अट लागली की भारतात प्रत्यक्ष राहिलेले दिवस मोजतात. तुकड्यातुकड्यांत पूर्ण केले तरी चालतात, पण दुबईत काढलेले सहा महिने धरत नाहीत. ते पुरे होईपर्यंत एच-१बी आणि एल हे नोकरीचे व्हिसा आणि ग्रीन कार्ड बंद. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसा मात्र मिळू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. भारत सरकारचं ना-हरकत आणून सुटका होते असं सांगणारे एजंट भेटतील. पैसा अमेरिकी सरकारचा असेल तर त्या वाटेने सहसा काम होत नाही.

तिसरा प्रकार जर्मनीच्या डाड (DAAD) या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या एपॉस (EPOS) योजनेचा. तिथे चाळणी आधीच लावतात. पदवीनंतरचा किमान दोन वर्षांचा अनुभव हवा आणि शेवटची पदवी सहा वर्षांहून जुनी नको. म्हणजे खिडकी चारच वर्षांची. अर्ज डाडकडे नाही, थेट अभ्यासक्रमाकडे करायचा आणि प्रत्येकाची अंतिम तारीख वेगळी. कॉलेजात असतानाची इंटर्नशिप अनुभवात धरत नाहीत. युरोपास या युरोपीय नमुन्यातल्या सीव्हीवर हाताने सही लागते, आणि तिच्यावाचून बाद होणं म्हणजे निव्वळ आळस.

चेव्हनिंगला अनुभव तासांत लागतो, २८०० तास. आठवड्याला ३५ तास धरले तर ८० आठवडे. अर्धवेळ आणि स्वयंसेवी काम चालतं. पदवीचा सक्तीचा भाग म्हणून केलेली इंटर्नशिप चालत नाही.

भाकरतुकडा:
पैशाचं गणित कोणीच मांडलं नाही. डाड दरमहा ९९२ युरो देतं. जर्मन व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्याला बारांनी भागा. तोच आकडा! म्हणजे जगण्यापुरतं आणि वर काही नाही. घरी पाठवायला उरत नाही.

गोदाकाठ यांची बाजू घेतो, पण कारण वेगळं. ४० लाखांचं कर्ज काढून गेलेला परत येऊच शकत नाही, रुपयात पगार घेऊन हप्ता फिटत नाही. शिष्यवृत्तीवाल्यावर ते ओझं नसतं. परतणं ज्याला परवडतं त्याच्यावरच अट आहे.

एक खाच मात्र आहे. इरास्मसचा पहिला हप्ता तिथे पोचून नावनोंदणी झाल्यावर येतो. तिकीट, व्हिसा आणि खोलीचं डिपॉझिट आधी खिशातून, साधारण दीड-दोन लाख. ते सोयऱ्याकडून उसने आणलेले असतात, आणि सोयरा ‘मायदेशी’ अट वाचून थांबत नाही.

निळी_शाई:
या विषयात १९१३ आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. करार होता की परतल्यावर बडोदा संस्थानाची दहा वर्षं नोकरी करायची. १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून ते बडोद्याला रुजू झाले. अट पाळली. आणि बडोद्यात काय झालं? राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही बाहेर काढलं. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकायचे. थोड्याच दिवसांत त्यांना मुंबईला परतावं लागलं.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने घेतलेले पैसे यांवर. दहा वर्षांचा करारनामा यावेळी नव्हता. १९२३ मध्ये परत आले ते आलेच. बाँड माणसाला स्टेशनपर्यंत आणतो, घर देत नाही. अट घालणाऱ्याने पुढचंही बघावं.

आणि आताचं बघायचं तर केंद्राच्या, वंचित घटकांना परदेशी शिकायला पाठवणाऱ्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचा समाजशास्त्रीय अभ्यास वगळला. ज्यांचं कामाचं मैदान इथेच, म्हणून जे नक्की परतले असते, त्यांनाच दार बंद.

गोदाकाठ:
बडोद्याचा मुद्दा मान्य, आणि तो बोचतो. पण बाबासाहेबांना माप धरून नियम करता येत नाही. अट नसताना परत येणारे किती, हा प्रश्न उरतोच. अट काढली की पुढच्या वर्षी निवड समिती ‘हा परतेल का’ हे आडनाव, गाव आणि पासपोर्टवरचे शिक्के बघून ठरवणार. लेखी अट त्यापेक्षा बरी.

उंटावरचा_शहाणा:
समित्या ते आताही करत असतील, त्यात अटीची भर!

लिहिता_हात:
निळी_शाई यांनी म्हटलेलं ‘पुढचं’ कागदावर आणायची एक जागा आहे. एपॉसच्या कागदपत्रांत मालकाचं शिफारसपत्र लागतं: लेटरहेड, सही, शिक्का आणि चालू तारीख. त्यासोबत ‘शिक्षण संपल्यावर पुन्हा रुजू करून घेऊ’ अशी हमी, शक्य असल्यास. ती सक्तीची नाही, म्हणून कोणी मागतच नाही. मागा. केंद्र सरकारी नोकरीत पाच वर्षं झाली असतील तर २४ महिन्यांपर्यंत अध्ययन रजा मिळू शकते, तिचा बाँड वेगळा. अर्ज खात्यामार्फत जातो, म्हणून चार-पाच महिने आधी हलवा.

चेव्हनिंगच्या करिअर निबंधातही हेच. ‘परतून देशसेवा करीन’ हे वाक्य वाचून तपासणाऱ्याची मान डोलत नाही. कुठलं खातं, कुठली योजना, कुठलं पद आणि पहिल्या वर्षी काय, ते लिहा. ‘महाराष्ट्रातील पाण्यासाठी’ नको. ‘अटल भूजल योजनेतल्या गावांचा पाण्याचा ताळेबंद तपासणारी टीम’ असं हवं.

भाकरतुकडा:
खासगी कंपनीची एचआर असली हमी लिहून देते का? शिक्का मारलेलं पत्र मागितलं तरी ‘सिस्टिम जनरेटेड आहे, सही लागत नाही’ म्हणतात.

लिहिता_हात:
हमी बहुतेक देत नाहीत. शिक्का देतात, दोनदा गेलं की. स्वयंसेवी संस्था आणि छोट्या सल्लागार फर्म हमी आणि शिक्का दोन्ही देतात, कारण त्यांना माणूस परत हवा असतो.