मदत हवी आहे: स्वेटर विणायला किती तास लागले, हे कसं मोजता?

मंडळी, भाचीच्या बाळासाठी दोन सुयांवर स्वेटर विणतेय. तो बघून शेजारच्या काकूंनी नातवासाठी तसाच सांगितलाय, पैसे देऊन. लोकरीचा हिशोब सोपा, उरलेला गुंडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला की झालं. वेळेपाशी मात्र घोडं अडलंय.

माझं विणणं सलग कधीच नसतं. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये एखादी ओळ, मग फोन, मग दारावर कुणीतरी. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून पाहिलं. परवा बंद करायला विसरले आणि सकाळी बघते तर साडेनऊ तास! मग एकेक ओळच मोजली: ८० टाके, सुलट ओळीला ४ मिनिटं, उलटीला ५. त्याला ओळींनी गुणलं की आकडा येतो. पण काखेची घट (तिथे टाके कमी करणं) चुकली म्हणून १६ ओळी उसवल्या, त्या कुठे धरायच्या? काकूंकडून माझ्या चुकीचे पैसे घ्यायला जीव होत नाही.

तुम्ही वहीत लिहिता की एखादं ॲप वापरता? बाह्या जोडणं, धाग्यांची टोकं लपवणं, बटणं लावणं वेगळं धरता का? हातात सुया असताना एका बोटाने चालू-बंद होईल असं काही असेल तर प्लीज सांगा.