गाण्याच्या क्लासात श्वासपटल कशाला?

रियाजवेडी (जुळे सोलापूर): माझ्याकडे ८ ते १४ वयाची अकरा मुलं येतात. गेल्या महिन्यापासून पहिली १० मिनिटं श्वासाची. उताणं झोपायचं, पोटावर वही, श्वास घेतला की वही वर, मग 'सऽऽ' करत सावकाश खाली. स्वरयंत्राचं चित्रही दाखवलं. काळी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) 'सा'ला स्वरतंतू सेकंदाला सुमारे २७७ वेळा कंप पावतात म्हटल्यावर सगळी चिडीचूप! पण एका पालकांनी फी परत मागितली. "गाणं शिकवा, जीवशास्त्र शाळेत आहे." माझं चुकतंय का?

खर्जवाले काका: चुकतंयच. ३० वर्षं शिकवतोय. पहाटे खर्ज (खालच्या सप्तकातले लांब स्वर) लावायला बसवा, श्वास आपसूक लांबतो. पोराचं लक्ष पोटाकडे गेलं की सा ढळतो. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालं तेव्हा कुमार गंधर्वांना कुणी चित्रं दाखवली होती?

वाचाउपचारवाली: काका, उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. कुमारजींना काही वर्षं गाणं बंद ठेवावं लागलं. परत आले ते उरलेल्या श्वासात मावतील असे छोटे, झपकन येणारे तुकडे घेऊन. श्वासाचा हिशोब केल्याशिवाय हे होतं?
आणि "पोटातून गा" ऐकून मुलं पोट आवळतात, ते वेगळंच. पोटात हवा जातच नाही. श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा पडद्यासारखा स्नायू, खाली सरकतं, आतडी पुढे ढकलली जातात, म्हणून पोट फुगतं. गाताना श्वासपटल सावकाश सैल होत जायला हवं, बरगड्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत. हे समजून घ्यायची खरी गरज मुलग्यांना असते, साधारण १२ ते १५ वयात. स्वरयंत्र वाढतं, तंतू लांब आणि जाड होतात, आवाज फुटतो.

पेटीवाला_पूर्वभाग: मी त्यातलाच. तेरावं वर्ष, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत कार्यक्रम, आणि सरांनी पट्टी उतरवलीच नाही. "जोर लाव बे!" आवाज चिरकला, लोक हसले. काय होतंय ते कुणी सांगितलं नाही. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलं. गाणं सोडलं, पेटी धरली.

खर्जवाले काका: पट्टी उतरवायलाच हवी होती. तो शिक्षकाचा दोष. पण ते आम्हाला चित्राशिवायही कळतं.

पेटीवाला_पूर्वभाग: तुम्हाला कळतं हो. पोराला कुठं कळतं?

लेकीची_आई: माझी मुलगी अशाच एका क्लासला जाते. आता खांदे उचलत नाही, हे खरं. पण गाताना चेहरा गणिताच्या पेपरासारखा! परवा भजनात आजीसोबत गायली, तेव्हा सगळं विसरून कसली छान लागली.

खर्जवाले काका: हेच म्हणतोय मी.

वाचाउपचारवाली: विसरायला आधी अंगात मुरलेलं लागतं ना, काका. (जाता जाता: उन्हाळ्यात गाण्याच्या मध्ये घटाघट पाणी पाजू नका. ते स्वरतंतूंवरून जातच नाही, अन्ननलिकेत जातं. दिवसभर थोडं थोडं द्या.)

रियाजवेडी: काका, वहीची १० मिनिटं ५ वर आणली, उरलेल्या पाचात खर्ज. चित्र भिंतीवरच राहील. फी परत दिली. मुलगा मात्र काल आला, आजीनं पाठवलं म्हणे. वही घेऊन.