मदत हवी आहे: गावच्या घरासाठी राउटर, पण हेल्पलाइन नीट हवी

मंडळी,

वाईला आईबाबा दोघंच, मी पुण्यात. घर जुनं, भिंती दीड हात जाड. फायबरचा डबा ओटीवर आणि बाबांची खुर्ची माजघरापलीकडे. तिथे वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा पोचतच नाही, २.४ चा कसाबसा येतो. प्लॅन १०० एमबीपीएसचा, तो पुरून उरतो. सकाळी कीर्तन, रात्री नातीशी व्हिडिओ कॉल, एवढंच काम.

दुखणं वेगळं आहे. गेल्या महिन्यात लाइट ये-जा करून राउटर बिथरला. बाबांनी राउटर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्याने भराभरा हिंदीत सांगितलं, मागच्या भोकात पिन घालून दाबून धरा. बाबांनी इमानेइतबारे धरली. पीपीपीओईचं, म्हणजे केबलवाल्याच्या नेटला जोडायच्या लॉगिनचं युजरनेम, पासवर्ड सगळं पुसलं गेलं! मग कंपनी म्हणे केबलवाल्याला विचारा, केबलवाला म्हणे राउटर आमचा नाही. आठ दिवस असेच गेले. शेवटी मी एसटीने गेलो, तर पासवर्ड कालनिर्णयच्या पाठीवर लिहिलेला.

चार हजारांपर्यंत बजेट आहे. वायफाय ६ नसलं तरी चालेल. कुठल्या कंपनीचा माणूस मराठीत, सावकाश बोलतो? वॉरंटीत बदलून घ्यायला साताऱ्यात सोय आहे का, की कुरिअरच करावं लागतं? आणि केबलवाल्याने सीजीनॅटवर ठेवलंय (म्हणजे इंटरनेटवरचा एकच पत्ता, पब्लिक आयपी, अनेक घरांत वाटलेला; बाहेरून थेट आपल्या राउटरपर्यंत पोचता येत नाही), तर पुण्यातून ॲपवर सेटिंग बघता येईल का? ऐकीव नको, स्वतः फोन केलेल्यांनीच सांगा.

प्रतिसाद १:
कंपनीचं नाव मी सांगत नाही, शहरागणिक अनुभव बदलतो. घेण्याआधी तुम्हीच रविवारी संध्याकाळी त्यांच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि मराठीत बोला. पाच मिनिटांत परीक्षा होते.

सीजीनॅटची काळजी नको. क्लाउडवर चालणारं ॲप असलं की राउटर स्वतःच बाहेर कंपनीच्या सर्व्हरला जोडून घेतो, पब्लिक आयपी लागत नाही. फक्त नेट बंद पडलं की तेही आंधळं. म्हणून बाबांना एकच शिकवा: फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला तर दोष लाइनचा, राउटरला हात लावायचा नाही, केबलवाल्याला फोन. सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून ठेवा.

जाड भिंतींना महागडा राउटर हा उपाय नव्हे. माजघरापलीकडे लॅन केबल ओढून दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेलं नेट तिथे वायफायवर द्यायला, लावा. आणि लाइटसाठी छोटा डीसी यूपीएस (लाइट गेली तरी राउटर चालू ठेवणारी बॅटरी) घ्या. आधी राउटर आणि फायबरचा डबा, दोन्हींच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा.

धागाकर्ता:
केबलचं डोक्यातच आलं नव्हतं. अडॅप्टरचे फोटो बाबांकडे मागितलेत. पहिल्या फोटोत त्यांचा अंगठाच आलाय.