साध्या लॉगिनसाठी आयडेंटिटीचं आख्खं लटांबर कशाला?

शॉपफ्लोअर:
कारखान्याच्या गेटपासचं अ‍ॅप आहे, वापरणारे शंभरेक जण. कर्मचाऱ्यांचं टेबल आधीपासून आहे, त्यात हुद्दाही आहे. एएसपी डॉट नेट कोअर या वेब-फ्रेमवर्कची आयडेंटिटी, म्हणजे लॉगिन-खात्यांची तयार व्यवस्था, घेतली की आणखी सात टेबलं येऊन बसतात. माझं म्हणणं, फ्रेमवर्कचं नुसतं कुकी ऑथेंटिकेशन घ्या, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीवरून, कुकीवरून, माणूस ओळखायचा. पासवर्ड तपासा, नाव आणि हुद्दा क्लेम्समध्ये, म्हणजे कुकीतल्या ओळखीच्या माहितीत, भरा, साइन-इन करा, संपलं. कुकी एन्क्रिप्ट होऊनच जाते, त्यामुळे कोणी ब्राउझरमध्ये ‘हेल्पर’ खोडून ‘मॅनेजर’ लिहू शकत नाही. विरोध असेल तर कारण द्या, ‘बेस्ट प्रॅक्टिस आहे’ एवढ्यावर भागणार नाही.

डेटाबेसवाली:
घ्या कारण. एकाला सोमवारी कामावरून काढलं, टेबलात त्याची नोंद बंद केली. त्याने ‘लक्षात ठेवा’वर टिक केली होती, त्याच्या मोबाइलमधल्या कुकीचं काय? डीफॉल्ट मुदत १४ दिवस. वर स्लायडिंग एक्स्पिरेशन चालू, म्हणजे अर्धी मुदत उलटल्यावर तो आला की कुकी पुन्हा ताजी. हुद्दा कुकीतच आहे, टेबलाला विचारतंय कोण? आयडेंटिटीत सिक्युरिटी स्टॅम्प, म्हणजे खात्याला जोडलेली खूण, बदलला की दर ३० मिनिटांच्या तपासणीत तो बाहेर पडतो.

शॉपफ्लोअर:
त्यासाठी ऑन-व्हॅलिडेट-प्रिन्सिपल आहे की, कुकी तपासताना आपला कोड चालवायची जागा! दर रिक्वेस्टला टेबल बघायचं, नोंद बंद दिसली की प्रिन्सिपल, म्हणजे कुकीतून आलेली ओळख, रिजेक्ट करून साइन-आउट. पाच-सहा ओळींचं काम. उलट तुमच्या स्टॅम्पमध्ये त्याला अर्धा तास मोकळं रान. गेटमधून माल काढायला तेवढा पुष्कळ झाला.

कल्याण_स्लो:
जेडब्ल्यूटी, म्हणजे सही केलेलं ओळखीचं टोकन, वापरा राव. टोकन ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये टाकलं की कुकीची कटकटच नाही.

डेटाबेसवाली:
अहो, लोकल स्टोरेज पानावरच्या कुठल्याही स्क्रिप्टला वाचता येतं. एचटीटीपी-ओन्ली कुकी स्क्रिप्टला दिसतसुद्धा नाही. आणि दिलेलं टोकन मुदतीआधी रद्द कसं करणार, हा प्रश्न तिथेही आहेच.

जुना_बग:
तुम्ही सगळे कुकीवरून भांडताय. कुकी फ्रेमवर्कची आहे, तिथे फार बिघडत नाही. बिघडतं पासवर्डच्या कॉलमात. ‘टेबल आधीपासून आहे’ म्हणता, त्यात पासवर्ड कसा ठेवलाय ते उघडून बघितलंत का? अशा जुन्या टेबलांत मी बिनसॉल्टचा एमडी५ पाहिलाय, म्हणजे जुनाट पद्धतीचा हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप), तोही प्रत्येकासाठी वेगळी भर न घालता. रांगेमागून रांग तोच हॅश, कारण एचआरने सगळ्यांना पहिला पासवर्ड एकच दिलेला आणि कोणी तो बदललेला नाही. एकाचा कळला की सगळ्यांचा कळला. आयडेंटिटीचा पासवर्ड-हॅशर तिच्या टेबलांशिवाय सुटा वापरता येतो, निदान तेवढा घ्या.

शॉपफ्लोअर:
घेतो. पण हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला, सात टेबलं तर टळली!

डेटाबेसवाली:
टळली कुठे? पाच चुकीच्या पासवर्डांनंतर खातं लॉक करणं आयडेंटिटीत तयार मिळतं, ते आता तुम्ही लिहिणार. रीसेटची लिंक, तिची मुदत, तेही तुम्हीच. तुमचं ‘संपलं’ अजून सुरूच झालेलं नाही.

शॉपफ्लोअर:
लॉकसाठी दोन कॉलम वाढवेन. रीसेटची लिंक मात्र नकोच. निम्म्या लोकांकडे कंपनीचा ईमेल नाही, लिंक पाठवू कुठे? पासवर्ड विसरलेला माणूस टाइम ऑफिसात जातो, कार्ड दाखवतो, तिथला क्लार्क नवीन पासवर्ड देतो.

जुना_बग:
मग पहिल्या लॉगिनला तो बदलायची सक्ती ठेवा. नाहीतर क्लार्क सगळ्यांना पुन्हा एकच देईल.