फांद्या परत जोडताना

खेळातले संवाद लिहिताना खेळाडूच्या प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र फांदी, म्हणजे कथेची वेगळी वाट हवी, नाहीतर निवडीला अर्थच राहत नाही, हा या चर्चेत आलेला मुद्दा मला अर्धाच पटतो. तीन-तीन पर्याय सलग पाच वेळा दिले की 243 शेवट होतात. एवढं लिहून होत नाही, आणि लिहिलंच तर तपासून होत नाही. त्यापेक्षा फांद्या दोन-तीन वाक्यांनंतर पुन्हा एकत्र आणायच्या आणि निवड व्हेरिएबलमध्ये, म्हणजे खेळ लक्षात ठेवतो त्या नोंदीत जपायची. पहारेकऱ्याशी खेळाडू खोटं बोलला, तर तेवढीच नोंद ठेवा. मग दहा प्रसंगांनंतर तोच पहारेकरी म्हणू दे, "मागच्या वेळीही तू असंच सांगितलं होतंस." खेळाडूला तेवढं पुरतं.

इंक (ink) ही असे पर्यायांचे संवाद लिहिण्याची स्क्रिप्ट भाषा वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट या चर्चेत अजून कुणी मांडलेली नाही. ताऱ्याच्या खुणेचा (*) पर्याय एकदा निवडला की पुन्हा दिसत नाही. अधिकच्या खुणेचा (+) कायम राहतो. "आणखी काय विचारायचंय?" अशा परत परत येण्याच्या जागी सगळेच पर्याय ताऱ्याचे असले, तर चार प्रश्न संपले की यादी रिकामी होते आणि संवाद तिथेच अडकतो. लिहिणारा चाचणी घेताना एक-दोन प्रश्न विचारून पुढे सरकतो, म्हणून हा घोळ त्याच्या हाती लागतच नाही. सगळं विचारून घेणारा खेळाडू मात्र नेमका त्यात सापडतो. अशा जागी "बरं, निघतो" हा पर्याय अधिकच्या खुणेनं ठेवा. नाहीतर शेवटी तारा आणि बाण (* ->) एवढाच, मजकूर नसलेला फॉलबॅक, म्हणजे राखीव पर्याय द्या. दुसरं काही उरलं नाही की तो आपोआप घेतला जातो.