उसातल्या रोबोटला लोखंडी पत्रा नको

उसातलं तण काढणाऱ्या रोबोटला 2 मिलिमीटर लोखंडी पत्र्याचं कवच घाला, असं एकानं सुचवलंय. बेळगावात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा कापून, वाकवून लगेच मिळतो हे खरं, पण वजनाचा हिशोब बघा. त्या पत्र्याचा एक चौरस मीटर जवळजवळ 15.7 किलो भरतो. 3 मिलिमीटर पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे एका चिवट प्लास्टिकचा, 3.6 किलो. पावसाळ्यात खानापूरकडच्या चिखलात चाकं रुतायला एवढा फरक पुरे. शिवाय जीपीएसचा अँटेना धातूच्या बंद डब्यात ठेवलात तर सिग्नलच मिळणार नाही. कार्बन फायबरचंही तेच, तेही वीजवाहक.

थ्रीडी प्रिंटरवरचं पीएलए प्लास्टिक उन्हात नेऊच नका. साधारण 60 अंशांना ते मऊ पडतं, आणि एप्रिलच्या उन्हात गडद रंगाचं कवच तेवढं तापू शकतं. प्रिंटच करायचं तर एएसए हे उन्हात टिकणारं प्लास्टिक घ्या. एबीएस हे प्लास्टिक उन्हानं पिवळं पडून ठिसूळ होतं.

माझं मत पॉलिकार्बोनेटलाच. मात्र यूव्ही थर (उन्हातले अतिनील किरण अडवणारा) असलेलं घ्या, आणि तो थर बाहेरच्या बाजूला येऊ द्या. भोकं स्क्रूपेक्षा जराशी मोठी पाडा, कडा घासून गुळगुळीत करा, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो. आणि एक अगदी कळकळीनं सांगतो: स्क्रू ढिले पडू नयेत म्हणून लावतात ते थ्रेडलॉकर नावाचं चिकट द्रव इथे अजिबात वापरू नका, त्यानं पॉलिकार्बोनेट तडकतं. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, ढिले न पडणारे) बसवा. मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) तेवढा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर घ्या, प्लास्टिकमधून उष्णता बाहेर पडत नाही.